‘ति काढा, म लावा’ एवढ्यावर सर्बो-क्रोएशियन क्रियापद चालत नाही

सर्बिया-क्रोएशियाकडच्या सर्बो-क्रोएशियन भाषेत क्रियापदांच्या दोन जाती आहेत: ‘अपूर्ण’ क्रियापद शेवटाकडे न पाहता क्रिया सांगतं, ‘पूर्ण’ क्रियापद ती शेवटाला गेल्याचं सांगतं. ही भाषा शिकू लागलेल्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो: ‘अपूर्ण क्रियापदं सोपी. मूळ रूपातला शेवटचा ति काढा, म लावा, वर्तमानकाळ तयार. अर्थ काम अर्धवट राहिल्याचा. भविष्यकाळ हवा असेल तर पूर्ण क्रियापद घ्या.’ यातलं एकही विधान टिकत नाही, आणि पहिल्याने तर नवशिक्याचं फार नुकसान होतं.

‘चिताति’ म्हणजे वाचणे. इथे युक्ती चालते: चिताम, चिताश, चिता, चितामो, चिताते, चितायु. म्हणून तिचा नियमच झाला. आता ‘पिसाति’, म्हणजे लिहिणे, घ्या. ‘पिसाम’ असं रूपच नाही. पिशेम, पिशेश, पिशे, पिशेमो, पिशेते, पिशु. आतल्या स चा श झाला, पुढचा आ गेला. ‘कुपोवाति’ (विकत घेणे) याचं कुपुयेम होतं, ‘पिति’चं पियेम. (हे ‘पिति’ आपल्या पिण्याच्याच कुळातलं, मला ते भेटलं तेव्हा फार आनंद झाला होता.) ‘गोवोरिति’, बोलणे, आणखी फसवं आहे. मी बोलतो, ‘गोवोरिम’, हे युक्तीने बरोबर येतं; पण ते बोलतात म्हणजे ‘गोवोरे’, ‘गोवोरियु’ नव्हे. लहान मूल ‘करलं’ म्हणतं तेव्हा आपण त्याला ‘केलं’ शिकवतो, नियम सांगत बसत नाही. इथेही तसंच करावं: प्रत्येक क्रियापद मूळ रूप, ‘मी’ आणि ‘ते’ असं तिहेरी पाठ करावं. पिसाति, पिशेम, पिशु.

अर्धवट कामाचं म्हणाल, तर ‘येसि लि चिताओ ओवाय रोमान?’ हा प्रश्न ऐका. क्रियापद अपूर्ण आहे, पण अर्थ ‘ही कादंबरी वाचली आहेस का?’ असा. वाचणाऱ्याने ती कधीच संपवलेली असू शकते. विचारणाऱ्याला शेवटाशी कर्तव्य नाही, इतकंच. शेवटपर्यंत वाचली हे ठासून सांगायचं तर ‘प्रोचिताओ’. आपलं ‘वाचून काढली’ त्याच्या बरंच जवळ जातं. तसंच ‘स्वाकि दान पिशेम’, म्हणजे रोज लिहितो. रोजचं लिखाण रोज पुरं होत असलं तरी क्रियापद अपूर्णच.

भविष्यकाळाचा गैरसमज रशियनवरून आलेला दिसतो. तिथे पूर्ण क्रियापदाचं वर्तमानासारखं रूप भविष्य सांगतं. सर्बो-क्रोएशियनमध्ये दोन्ही जातींना भविष्यकाळ आहे: ‘पिसात चु’ (लिहीन, अपूर्ण) आणि ‘नापिसात चु’ (लिहून काढीन, पूर्ण). क्रोएशियन लेखनात हे दोन शब्द, सर्बियनमध्ये जोडून ‘पिसाचु’. कानाला मात्र एकच. ‘नापिशेम’ रूप आहे, पण ते एकट्याने भविष्य सांगत नाही. ‘काद नापिशेम’, लिहून झालं की, अशा जोडणीत येतं. आणि कोणी ‘काय करतोयस?’ विचारलं, तर उत्तर ‘पिशेम’, ‘नापिशेम’ नव्हे.