तयार आकडा मागू नका!

"भावा, तुझ्या ग्राफिक्स कार्डाचे ओव्हरक्लॉकचे आकडे पाठव की, तसेच टाकतो." ओव्हरक्लॉक, म्हणजे गेमसाठी कार्ड ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचं, तर टिळकवाडीपासून निपाणीपर्यंत जो तो हेच! अरे, एकाच मॉडेलच्या दोन कार्डांतली चिपसुद्धा सारखी नसते. एक कोअरला, म्हणजे चिपच्या आकडेमोड करणाऱ्या भागाला, १५० मेगाहर्ट्झ जास्त वेग सहज पेलते, दुसरी १०० लाच गेम बंद पाडते. आणि हवा? जुलैच्या बेळगावी पावसात टिकलेला क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, एप्रिलच्या दुपारी टिकेलच असं नाही. चिप तापली की एनव्हीडियाचं कार्ड स्वतःच तो पायरीपायरीनं खाली आणतं.

सगळ्यात डोकं फिरतं ते मेमरीवरून. एनव्हीडियाच्या आरटीएक्स ३०८० कार्डामधली जीडीडीआर६एक्स मेमरी, वेग फार वाढवला की, चुका पकडून तोच डेटा पुन्हा पाठवते आणि त्यात वेळ जातो. म्हणजे स्क्रीनवर ठिपके नाहीत, गेम बंद नाही, आफ्टरबर्नर या वेग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडा मोठा, आणि फ्रेम्स (सेकंदाला दिसणारी चित्रं) मात्र कमी! तरी त्याच आकड्याचा फोटो स्टेटसला. बाबांनो, आधी कोअर, मग मेमरी, थोडं थोडं वाढवा आणि दर वेळी फ्रेम्स बघा. घटल्या की मागे या. एक संध्याकाळ जाते, जाऊ दे की! पण नाही. दुसऱ्याचा आकडा टाकायचा आणि पीसी लटकला की भर रात्री मलाच फोन.