टॅक्सॉलचा हिशेब मांडून बघा

'खासगी गुंतवणूकदार नसते तर एकही नवं औषध आलं नसतं' हे एका लेखातलं वाक्य खटकलं. कर्करोगावरचं टॅक्सॉलच घ्या. १९६२ मध्ये पॅसिफिक यू झाडाची साल गोळा केली ती अमेरिकी सरकारच्या मोहिमेत. त्या सालीतून औषधी द्रव्य वेगळं काढून १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली मनरो वॉल आणि मनसुख वाणी या रसायनशास्त्रज्ञांच्या चमूने, तीही सरकारी पैशावर. (वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे, किती जणांना ठाऊक आहे?) ब्रिस्टल-मायर्स स्क्विब ही कंपनी सरकारशी करार करून आली थेट १९९१ मध्ये. पुढच्याच वर्षाअखेरीस औषधाला मंजुरी!

२००२ पर्यंत जगभरची विक्री सुमारे ९ अब्ज डॉलर आणि सरकारी संस्थेच्या हाती रॉयल्टी साडेतीन कोटी डॉलर. म्हणजे शंभर रुपयांमागे चाळीस पैसेसुद्धा नाहीत. कंपनीने काहीच केलं नाही असं म्हणत नाही. मोठ्या प्रमाणावर उत्पादन, मंजुरीची किचकट प्रक्रिया, यात तिचाही बक्कळ पैसा गेला. माझा राग कंपनीवर कमी, सरकारतर्फे त्या करारावर सही करणाऱ्यांवर जास्त आहे.