उत्तर: येत्या शनिवारी स्विमिंग पूल रिकामा करू नका

नमस्कार मॅडम,

तुमचा अभिप्राय काल रात्री दोनदा वाचला. काम सात आठवडे लांबलं, खोदताना पाणी लागलं म्हणून जादा बिल आलं, खोल बाजूही १.६ मीटरच ठेवली आणि पूल भरल्यापासून दोन आठवड्यांत पाणी चार बोटं उतरलं, या तुमच्या तक्रारी. सगळ्यांवर बोलतो. पण शेवटी तुम्ही लिहिलंय की शनिवारी पूल पूर्ण उपसून दुसऱ्या कंत्राटदाराला दाखवणार. दुसऱ्याला जरूर दाखवा. आमची काहीच हरकत नाही. फक्त पूल रिकामा करू नका.

पंपरूमच्या मागे भरावातून एक उभा पाईप वर आलाय, त्याला झाकण आहे. झाकण काढून आत टॉर्च मारा. मागच्या आठवड्यात मी पाहिलं तेव्हा जमिनीपासून फूटभर खाली पाणी चमकत होतं. पाऊस उघडला तरी जमिनीतलं पाणी लगेच उतरत नाही. म्हणजे तुमचा पूल या घडीला जवळजवळ सगळाच पाण्यात उभा आहे. तुमच्या ८ बाय ४ मीटरच्या पुलाचं काँक्रीट साधारण ३६ टनांचं आहे. बाहेरचं पाणी तळापासून सव्वा मीटर चढलं की ते पुलाला सुमारे ४६ टनांनी वर उचलतं. आत ४५ टन पाणी भरलेलं आहे म्हणून तो जागेवर बसलाय. ते उपसलं तर काँक्रीटचा अख्खा पूल होडीसारखा वर येऊ शकतो. तसा उचललेला पूल मी एकदा दुसऱ्याच्या कामावर पाहिलाय. एक कोपरा वीतभर वर आला होता, कडेच्या फरशा उखडल्या होत्या, पाईप तुटले होते. तो पुन्हा खाली बसवता येत नाही. तळाच्या जाळीखाली बाहेरचं पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह आम्ही बसवलाय, पण तो गाळाने अडकू शकतो. त्याच्या भरवशावर पूल उपसायला मी कुणालाच सांगणार नाही.

ही गोष्ट काम सोपवताना तुम्हाला लेखी द्यायला हवी होती. आमच्या माणसाने तोंडी सांगितली, तीही पंप कसा चालवायचा हे दाखवता दाखवता. चूक आमची.

आता पाणी उतरण्याबद्दल. चार बोटं म्हणजे साधारण सात सेंटीमीटर, दिवसाला पाच मिलीमीटर. तुमच्या पुलात हे रोजचं १६० लिटर होतं. उघड्या पुलातून ऊन-वाऱ्याने एवढं पाणी उडू शकतं, पण तुमच्याकडे तेच होतंय असं मी इथे बसून ठरवणार नाही. एक बादली पुलाच्या पाण्याने भरून वरच्या पायरीवर अशी ठेवा की तिचा काठ पाण्याच्या वर राहील. बादलीच्या आतली पातळी आणि बाहेरून लागणारी पुलाची पातळी, दोन्ही पेन्सिलने खुणा करून ठेवा. कोरड्या दिवशी २४ तास थांबा, कुणी पोहू नका, पाणी घालू नका. दोन्ही सारखंच उतरलं तर पाणी हवेत गेलं. बाहेरची खूण जास्त खाली गेली तर गळती आहे. पहिल्या दिवशी पंप चालू ठेवा, दुसऱ्या दिवशी बंद. चालू असताना जास्त उतरलं, तर आधी परतीचे पाईप, म्हणजे पंपाकडून पाणी पुन्हा पुलात आणणारे, तपासायचे. फरशी लावण्याआधी आम्ही पूल सात दिवस भरून पातळी पाहिली होती, तेव्हा काँक्रीट गळत नव्हतं. तरीही गळती निघाली तर दुरुस्ती आमच्या खर्चाने, मग ती कुठेही असो.

जादा बिलाचं तुमचं म्हणणं बरंचसं खरं आहे. खोदाईच्या तिसऱ्या दिवशी ओली, चकचकीत माती वर यायला लागली आणि सकाळी खड्ड्यात गुडघाभर पाणी होतं. अंदाजपत्रक देण्याआधी दोन मीटरचा एक चाचणी खड्डा घेतला असता तर हे तेव्हाच कळलं असतं. अर्ध्या दिवसाचं काम होतं, ते आम्ही केलं नाही. म्हणून पाणी उपसण्याच्या पंपाचं भाडं आणि त्या दिवसांची मजुरी बिलातून वजा करतोय. जाड केलेला तळ, वाढलेली सळई आणि खालची खडी यांचे पैसे मात्र लागू राहतील. ते सामान तुमच्या पुलात आहे आणि आधी कळलं असतं तरी लागलंच असतं.

सात आठवड्यांपैकी चार काँक्रीटच्या क्युरिंगचे. तळ आणि भिंती २८ दिवस ओल्या ठेवल्याशिवाय मी पुढचं काम करू देत नाही आणि पुन्हाही देणार नाही. पण ते दिवस आम्ही वेळापत्रकातच धरले नव्हते, आणि उरलेले तीन आठवडे फरशीवाले दुसऱ्या साइटवर अडकले होते. तुम्ही फोन करत होतात आणि ‘उद्या येतील’ असं ऐकत होतात. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

खोलीबद्दल माझं मत बदललेलं नाही. घरात लहान मुलं आहेत, आणि फळीवरून सूर मारण्याइतकी खोली या लांबीत काढायची तर तळाचा उतार फार तीव्र होतो. पाय सटकला की मूल थेट खोल पाण्यात. तुम्ही आज विचारलंत तरी मी नाहीच म्हणेन.

शुक्रवारी सकाळी मी स्वतः येतो. तुमचा दुसरा कंत्राटदार त्याच वेळी आला तर उत्तमच, दोघं मिळून बादलीच्या खुणा बघू आणि संशय असेल तिथे पाण्यात रंग सोडून तो कुठे ओढला जातो ते पाहू. तोपर्यंत पातळी स्किमरच्या (पृष्ठभागावरचं पाणी पंपाकडे ओढणाऱ्या, भिंतीतल्या खिडकीच्या) तोंडाच्या खाली जाऊ लागली तर पंप बंद करा, नाहीतर तो हवा ओढेल, आणि नळीने पाणी घालून पूल भरलेला ठेवा.