खरी गोष्ट खुंटाची

कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यात वाइन करणाऱ्या कॅथी कोरिसन यांच्यावरचा तुमचा लेख मनापासून आवडला. पण त्यांच्या क्रोनोस बागेतल्या जुन्या वेलींचा खुंट, म्हणजे द्राक्षाचं कलम ज्या मुळाच्या वेलीवर बांधतात तो, एका ओळीत उरकलात, ते मात्र खटकलं. मी द्राक्षवाला माणूस, म्हणून लिहितो.

त्या वेली १९७१च्या, सेंट जॉर्ज खुंटावरच्या. नापात तेव्हा बहुतेकांनी भरघोस उत्पन्नासाठी एएक्सआर-१ हा खुंट निवडला होता. १९८०च्या दशकात मुळं पोखरणारी फायलोक्सेरा कीड परत आली आणि त्या बागाच्या बागा उपटाव्या लागल्या. सेंट जॉर्जवरच्या टिकल्या. आज पन्नाशी ओलांडलेल्या या वेली मोजकीच फळं देतात, पण त्या खडकाळ, गोट्याळ जमिनीची चव त्यांतच उतरते. आपल्याकडे क्षार आणि पाणीटंचाईपायी डॉगरिज खुंट लावतो, तेव्हा पुढच्या तीस वर्षांचा विचार किती जण करतात?

दुसरं म्हणजे तोडणीची वेळ. १९९०नंतर नापात घड जास्तीत जास्त पिकू द्यायचे, वाइन दाट आणि कडक करायची, समीक्षकांचे गुणही तिलाच मिळायचे. कोरिसनबाईंनी १९८७पासून स्वतःच्या नावाने कॅबरने (त्याच नावाच्या काळ्या द्राक्षाची लाल वाइन) केली ती लवकर तोडून, आम्लता राखून. अल्कोहोल साधारण १३ टक्क्यांच्या घरात. मुरायला वाइनमध्ये आम्लता लागतेच. नुसत्या दाटपणावर वीस वर्षं निघत नाहीत. बाजार उलटा वाहत असताना बाई ठाम राहिल्या, याचं मला फार मोल वाटतं. नाशिकच्या वाइनवाल्यांनी त्यांची तोडणीची पद्धत जरूर अभ्यासावी.