80 पैकी 31

हायस्कूलचं हे वर्ष संपलं एकदाचं. सगळे निकालाचे फोटो टाकतायत, बघून छान वाटतंय, पण मला सहामाहीच्या गणिताच्या पेपरबद्दल लिहायचंय. 80 पैकी 31 मिळाले होते.

पेपर हातात आला तसा चार घड्या घालून दप्तराच्या तळाशी कोंबला आणि तीन आठवडे बाहेर काढला नाही. आईने दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं की अजून दिलेच नाहीयेत. मार्कांपेक्षा ते खोटं जास्त टोचायचं, तिच्याकडे बघून बोलायलाच नको वाटायचं.

आणि मी अभ्यास केला होता हो! वही तीनदा वाचली होती, सोडवलेलं गणित वाचताना प्रत्येक स्टेप कळायची, मग वाटायचं येतंय की आपल्याला. ते येत नसतं, नुसतं ओळखीचं झालेलं असतं. 2006 साली रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी यावर प्रयोग केला होता, काही विद्यार्थ्यांनी उतारा परत परत वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे! मला हे वाचून रडू आलं, कारण माझी पूर्ण सहामाही त्या पाच मिनिटांतच गेली होती. हे शाळेत पहिल्याच दिवशी का नाही सांगत?

शेवटी मॅडमनी विचारलं पेपर कुठेय, मी काढून दिला. त्या रागावल्या नाहीत, म्हणाल्या गेलेले 49 मार्क कुठे कुठे गेले ते लिहून आण. त्या रात्री बसून लिहिलं. 20 मार्कांचं खरंच येत नव्हतं, 12 वेळ संपला म्हणून गेले, आणि 17 चिन्हांत. एकच चूक तीनदा होती, वर्गसमीकरणाच्या सूत्रात वजा b आहे, b स्वतःच वजा 7, म्हणजे अधिक 7 व्हायला हवं, मी तिन्ही वेळा वजा 7 लिहिलं. मी गणितात ढ आहे असं तीन आठवडे स्वतःला सांगत होते आणि निम्मंसुद्धा ते खरं नव्हतं. मग तो कागद आईला दाखवला, खोटं बोलले तेही सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती.

त्यानंतर वही बंद करून सोडवायला लागले आणि जागरणं बंद केली (आमच्या वयाला 8 ते 10 तास झोप लागते, मी पाचवर होते). वार्षिकला 58 आले. खूप नाहीत, पण हे 58 माझे आहेत. रिलेच्या टीममध्ये नाव आलं नाही, त्याचं वाईट वाटलं, संपलं ते.

मैत्रिणीचं मात्र संपलं नाही. सहामाहीनंतर मी कुणाशीच बोलत नव्हते, ती रोज विचारायची काय झालंय, मी तुटक उत्तरं द्यायचे, एक दिवस तिने बेंच बदलला. मार्क परत मिळवता आले, ते अजून जमलेलं नाही. पेपरमध्ये निदान कुठे चुकलं तिथे लाल गोल असतो. इथे मलाच शोधावं लागतंय, आणि मला वाटतं तो पहिल्या दिवशीच होता, तिने विचारलं "किती पडले?" आणि मी म्हटलं "तुला काय करायचंय".