हात, मेंदू आणि जुळलेली वेळ

मेंदूचे संकेत टिपून पुनर्वसनाला मदत करणाऱ्या यंत्रांवर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही विचारता, पक्षाघातानंतर हात हलवायला फिजिओथेरपी आहेच, मग डोक्यावर इलेक्ट्रोड लावून वेगळं काय साधतं? आणि पुनर्वसनाच्या लेखात संवेदनांचं संशोधन कशाला, रुग्ण ही काय प्रयोगाची साधनं आहेत?

आधी माझी चूक. ‘यंत्र रुग्णाचे विचार वाचतं’ हे माझं वाक्य चुकीचंच होतं, ते बदललं आहे. माणूस हात हलवायचा प्रयत्न करतो तेव्हा मेंदूच्या हालचालीशी संबंधित भागावरची 8 ते 13 हर्ट्‌झची, म्हणजे सेकंदाला 8 ते 13 वेळा येणारी, विजेची लय क्षीण होते. ईईजी, म्हणजे डोक्यावरच्या इलेक्ट्रोडनी मेंदूतली वीज मोजणारी तपासणी, टिपते ती एवढीच खूण. पुनर्वसनाला मात्र तेवढी पुरते.

तुमचा पहिला प्रश्न संशोधकांनाही पडला होता. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुन्या पक्षाघाताचे 27 रुग्ण होते. मनगट आणि बोटं उघडणाऱ्या स्नायूंना सगळ्यांनाच विजेची सौम्य उत्तेजना दिली. एका गटाला ती मेंदूत प्रयत्नाची खूण दिसली की लगेच मिळे. दुसऱ्या गटाला तशीच उत्तेजना, पण त्यांच्या प्रयत्नाशी न जोडलेली. खरी सुधारणा झाली ती पहिल्या गटात, आणि सहा महिने उलटल्यावरही ती टिकून होती. हात दोन्ही गटांत हलत होता, फरक होता तो वेळेचा. ‘मी जोर लावला’ आणि ‘हात हलला’ या दोन्ही जाणिवा लागोपाठ आल्या की मेंदूतल्या शिल्लक वाटा बळकट होतात, असं त्याचं स्पष्टीकरण आहे. ‘तुम्ही स्वतः जोर लावा’ असं फिजिओथेरपिस्ट सांगतात ते याचसाठी. पण हात तसूभरही हलत नसेल, तर प्रयत्न झाला की नाही हे त्यांना बाहेरून कसं कळणार? हे तंत्र फिजिओथेरपीच्या हाताशी हवं ते तिथे.

आता संवेदना. मानेखाली लकवा असलेले नेथन कोपलँड मेंदूतल्या इलेक्ट्रोडच्या साहाय्याने यांत्रिक हात चालवत. 2021 च्या अभ्यासात त्या हाताचा स्पर्श त्यांच्या मेंदूत थेट पोहोचवला, तेव्हा वस्तू उचलून ठेवण्याचा वेळ सुमारे 20 सेकंदांवरून 10 वर आला. स्पर्शाशिवाय हालचाल अर्धवटच असते, म्हणून मी हे दोन विषय वेगळे काढले नाहीत.

दृष्टीतही वेळेचाच खेळ दिसतो. ब्रिंडली आणि लेविन या संशोधकांनी 1968 मध्ये एका अंध स्त्रीच्या मेंदूला उत्तेजना दिली आणि तिला प्रकाशाचे ठिपके दिसले. ठिपके जोडले की अक्षर व्हावं, असं वाटतं. प्रत्यक्षात अनेक इलेक्ट्रोड एकदम चालवले की सगळं एकात एक मिसळे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तळहातावर बोटाने अक्षर गिरवावं तसे ते एकामागून एक चालवले, आणि सहभागींनी अक्षरं ओळखून काढून दाखवली. काय दिसलं हे सांगणारं दुसरं कोणीच नव्हतं. त्यांना साधनं म्हणणं मला म्हणूनच पटत नाही. या संशोधनाचे साक्षीदार तेच आहेत.

तरी तुमच्या आक्षेपातली एक गोष्ट मला मान्य आहे. अभ्यास संपल्यावर मेंदूतल्या इलेक्ट्रोडची देखभाल कोणी करायची, गरज पडल्यास ते काढण्याचा खर्च कोणी सोसायचा, हे संमतीपत्रावर सही होण्याआधीच लेखी ठरलं पाहिजे. मूळ लेखात यावर एक ओळही नव्हती. तो परिच्छेद आज जोडला आहे.