विल्डरनेसमध्ये थालीपीठ

लंडनजवळच्या एका जुन्या हवेलीच्या बागेत परवा मला थालीपीठ खाऊ दिलं नाही. बागेचं नाव सांगत नाही. लेकीने तिथलं वर्षाचं सभासदत्व घेतलंय आणि जावई भिडस्त आहेत.

नकाशात त्या भागाला ‘विल्डरनेस’, म्हणजे रान, म्हटलं होतं. इथे कोण विचारतंय, म्हणून मी बाकावर डबा उघडला. तेवढ्यात कुंपणाआडून एक आजोबा आले. ट्वीडचा कोट, छातीवर स्वयंसेवकाचा बिल्ला. आधी हवेबद्दल बोलले. हवा छान आहे हे मीही मान्य केलं. मग डब्याकडे मुळीच न बघता म्हणाले, “माफ करा हं, विल्डरनेसमध्ये खाता येत नाही.”

“मग कुठे येतं?”

“पार्किंगशेजारी हिरवळ आहे. तिथे अवश्य खा.”

“आणि इथे खाल्लं तर?”

आजोबा गंभीर झाले. “अहो, हा विल्डरनेस आहे. इथे सगळं आखीव असतं.”

मग उभ्या उभ्या त्यांनी मला ते आखीवपण समजावलं. 17व्या शतकात इंग्रज उमरावांनी फ्रेंच बागांवरून ही टूम उचलली. हवेलीपासून जरा लांब हॉर्नबीमच्या झाडांची कुंपणं लावायची, ती भिंतीसारखी सपाट छाटायची, मधल्या चौकातून चहूकडे सरळ वाटा काढायच्या. चार माणसांच्या नजरेआड फिरता यावं, कुजबुजता यावं, ही सोय. टेम्सकाठच्या हॅम हाउस या हवेलीचा विल्डरनेस तर 1970च्या दशकात जुन्या नकाशांवरून नव्याने लावायला घेतला, हे सांगताना आजोबांचे डोळे पाणावले.

“एखादं झुडूप आपल्या मनाने वाढलं तर?”

“छाटतो,” आजोबा मायेने म्हणाले.

“पाखरं खातात इथे. त्यांचं काय?”

त्यांनी या प्रश्नावर खरोखर विचार केला. “ती डबा आणत नाहीत.”

यावर काय बोलणार? आमच्याकडे बागेतला वॉचमन लांबूनच शिट्टी मारतो. शिट्टी मारणाऱ्याशी भांडता येतं, तिकिटाच्या पैशांचा विषय काढता येतो, ‘तुमच्या साहेबांना बोलवा’ म्हणता येतं. दर वाक्याला माफी मागणाऱ्या माणसाशी भांडायची सोयच नाही. राग आपला आपल्यालाच गिळावा लागतो, तोही रिकाम्या पोटी.

बरं, सरळ वाटांचा पुढे या लोकांनाच कंटाळा आला. 1728 साली बॅटी लँग्ली या बागा आखणाऱ्याने बागांवर पुस्तक काढलं, त्यात नागमोडी वाटांचे आराखडे छापले. वाट चुकायची, पण आराखड्याप्रमाणे! मग आला लॅन्सलॉट ब्राउन, ज्याला लोक ‘केपेबिलिटी’ म्हणत. त्याने इंग्लंडभर आखीव बागा मोडून गवताचे उतार आणि तळी केली. 1764 साली तो हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यात राजाचा मुख्य माळी झाला. आता गंमत बघा, त्याला राहायला घर मिळालं ते ‘विल्डरनेस हाउस’, आणि तिथल्या जुन्या विल्डरनेसमधला 1700च्या सुमाराचा भुलभुलैया अजून शाबूत आहे. लोक पैसे भरून त्यात हरवतात. ब्राउनसाहेबांना तिथे कुणी डबा खाताना हटकलं असेल असं वाटत नाही.

मी डबा बंद केला. आजोबांनी झाकण नीट लागेपर्यंत वाट पाहिली आणि मग हळूच विचारलं, “पॅनकेक का?”

“भाजणीचं थालीपीठ.”

“वा! पार्किंगला फार छान लागेल.”

पार्किंगच्या हिरवळीला ना कुंपण, ना आराखडा. कडेला काटेरी ब्लॅकबेरी हवी तशी माजलेली, गवतात खाजरी पानं, आणि लोणच्याचा वास लागताच हजर झालेल्या गांधीलमाश्या. बायको म्हणाली, “अहो, खा पटकन.” जाताना फाटकावरची पाटी वाचली. बागेच्या उपाहारगृहातला स्कोन (चहासोबतचा छोटा पाव) आणि चहा विल्डरनेसमध्ये नेता येतो, फक्त कप परत करावा. स्कोनचे दर मी लेकीला विचारले. तिने सांगितले नाहीत.